मागची शीर पुढे

तिघे डॉक्टर पाळीपाळीनं माझ्या उजव्या पायावर रेघा मारत होते आणि मला हसायची बंदी होती. जांभळी पेन्सिल पाण्यात बुडवायची, बोटानं कातडीखालची शीर, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी, चाचपायची आणि ती जिथून जाते तिथून रेघ ओढायची, असा त्यांचा अभ्यास चालला होता. रेघ चुकली की मद्रासकडून आलेले मोठे डॉक्टर ओल्या कापसानं ती पुसायचे आणि मोडक्या हिंदीत म्हणायचे, "फिर से. आँख नहीं, उँगली." रेघ मारण्यापेक्षा पुसण्यात गुदगुल्या जास्त व्हायच्या. नागपूरच्या डॉक्टर हरकऱ्यांची रेघ तर इतक्यांदा पुसली गेली की माझा घोटा वांग्यासारखा दिसायला लागला.

नवे पैसे सुरू झाले त्याच्या पुढच्या वर्षीची ही गोष्ट. आमचं गाव कुरखेड्याजवळ, घरी धानाची शेती. मी धुरपता. चांद्याला वारलूमामाकडे राहून नववीत शिकत होते. चार वर्षांची असताना मला ताप आला, आणि उतरताना तो उजव्या पायातलं काहीतरी सोबत घेऊन गेला. पायाला स्पर्श कळायचा, चिमटा घेतला तर दुखायचं, पण पंजा वर उचलता यायचा नाही. तो नुसता लोंबायचा. म्हणून चालताना मी गुडघा उंच उचलायचे, नाहीतर बोटं जमिनीला घासायची. शाळेतल्या पोरी कोंबडी म्हणायच्या. सातवीत मी त्यावरून रडायचे. नववीत एक दिवस मीच कुकूच कू करत वर्गात शिरले, आणि मग चिडवण्यात कोणाला मजा वाटेना. तेव्हापासून मला बोलायची भीती राहिली नाही. अडचण एवढीच की एकदा प्रश्न विचारायला लागले की मला थांबता येत नाही.

तर त्या हिवाळ्यात चांद्याच्या धर्मादाय दवाखान्यात पायाच्या ऑपरेशनची शाळा भरली. मास्तर एक, ते मद्रासकडचे मोठे डॉक्टर. विद्यार्थी तीन, आणि तिघांनाही घरी पोरंबाळं. त्यातले डॉक्टर मुद्दमवार आमच्या चांद्याचेच. मोडलेलं हाड बसवणं, पोटातली आतडी काढून पुन्हा आत ठेवणं हे सगळं त्यांना यायचं, पण घोट्याच्या खालचं कोणी कधी शिकवलंच नव्हतं. मोठे डॉक्टर पुस्तक उघडू द्यायचे नाहीत. एका सकाळी त्यांनी तिघांचे बूट काढायला लावले, तिघांच्याही पायाला पंजा लोंबता राहील अशी पट्टी बांधली आणि अंगणात फेऱ्या मारायला सांगितल्या. हरकरे डॉक्टर दुसऱ्याच पावलाला आंब्याच्या मुळीला अडखळले.

"गुडघा आणखी वर घ्या," मी ओसरीवरून ओरडले. "नाई तं बोटं फुटते."

मोठे डॉक्टर माझ्याकडे वळून म्हणाले, "टीचर, तुम आगे चलो." मग मी पुढं आणि माझ्यामागं तीन डॉक्टर, अशा आम्ही चौघांनी आंब्याभोवती फेऱ्या मारल्या. दवाखान्यातल्या गुणाबाई झाडू टेकवून बघत उभ्या राहिल्या. "पोरी, कोंबडीमागं तीन कोंबडे पाह्यले मी आज," त्या म्हणाल्या.

दुपारी कसायाकडून बकऱ्यांचे पाय यायचे. ओसरीवर फळ्या मांडून तिघं ते कापायचे, त्यातली पांढरी शीर सोडवायची, दुसऱ्या जागी नेऊन शिवायची, आणि मोठे डॉक्टर ती ओढून बघायचे. शिवण निघाली की पुन्हा. मुद्दमवार डॉक्टर एक-दोन पाय संध्याकाळी घरी न्यायचे. ते घरचे कोमटी, घरात तेलुगू बोलणारे व्यापारी लोक, शाकाहारी. त्यांच्या बायकोनं त्यांना बकऱ्याच्या पायासकट न्हाणीच्या मागं बसवलं, असं गुणाबाई सांगत होत्या. तिथं बसून ते दिव्याशी शिवत राहायचे.

माझं काय करणार आहेत, ते मी मुद्दमवार डॉक्टरांनाच विचारलं, कारण बाकीच्यांना विचारलं की ते 'तुला नाही कळणार' म्हणायचे.

त्यांनी माझी पोटरी दाबली. "हे पाह्य, इथी पोटरीच्या आत, खोल एक स्नायू आहे. त्याची शीर घोट्याच्या आतल्या अंगानं खाली तळव्याकडं जाते. तो पाय आत वळवते. तुझा तो चांगला आहे. पुढचा, जो पंजा उचलते, तो मेला. मग मागच्याची शीर खालून सोडवाची, नळीच्या दोन हाडांमधल्या पडद्यात खिडकी करून पुढं काढाची आणि पावलावर शिवून द्याची. मंग तो ओढन तवा पंजा वर येईन."

"म्हणजे मागच्याची पुढं बदली."

"हो. तलाठ्याची होते तशी."

"पण तलाठ्याले हुकूम येते," मी म्हणाले. "याले कोण सांगन? तो जन्मभर पाय आत वळवत आला. पुढं नेऊन बसवला तरी तो आपलं जुनंच काम करून राह्यलो असं समजन ना?"

डॉक्टरांनी माझी पोटरी सोडली. "हा प्रश्न मीही मोठ्या डाक्टरले इचारला होता," ते म्हणाले. "तं ते म्हणे, म्हणूनच आधी सराव. पाय आत वळवाचा, बस तेवढंच. इतका की तुले तो स्नायू नाव घेऊन बोलावता आला पाहिजे. मंग तो कुठीही असो, बोलावलं का येईन."

मोठ्या डॉक्टरांनी मला टेबलाच्या काठावर बसवून एकदा दाखवलं, आणि मी लागले कामाला. मामाकडं इतिहास वाचताना, भूगोल वाचताना, वाल निवडताना, मांडी घालून बसल्या बसल्या पाय आत, पाय आत. दवाखान्यात मी रोज जायचेच, तिथं मुद्दमवार डॉक्टर येता-जाता विचारायचे, "चालू आहे का?" मी मांडीतला पाय दाखवायचे, तळवा पार छताकडं वळलेला. ते मान डोलवून पुढं जायचे.

ऑपरेशनं सुरू झाली. नेम असा होता की पहिलं मोठे डॉक्टर करतील, मग तिघांनी आपापल्या हातानं एकेक करायचं आणि त्यांनी शेजारी उभं राहायचं. माझा नंबर मुद्दमवार डॉक्टरांच्या हाताखाली आला. वारलूमामा कोळशाच्या खाणीत मुकादम, त्यांना हे पसंत पडलं नाही. "शिकाऊ माणसाच्या हातात मी गाडीही देत नाई," ते म्हणाले. "मोठ्या डाक्टरनंच करावं."

आई गावाहून आली होती. तिचं नाव शकुबाई, आणि गावात ती कमी बोलण्याबद्दल प्रसिद्ध होती. ती पदर सावरून म्हणाली, "भाऊ, मोठा डाक्टर आगगाडीत बसला का गेला. हे इथी राह्यते. पाय बिघडला तं याईचं घर मले माहीत आहे."

हरकरे डॉक्टर हसले, गुणाबाई हसल्या, मोठ्या डॉक्टरांना कोणीतरी समजावून सांगितलं तेव्हा तेही हसले. मुद्दमवार डॉक्टर तेवढे हसले नाहीत. मोठ्या डॉक्टरांनी मला विचारलं, "और तुम?" मी मुद्दमवार डॉक्टरांचं नाव घेतलं. त्यांना एखादी गोष्ट माहीत नसली की ते 'माहीत नाही' असं म्हणायचे, आणि मला तोवर असा दुसरा मोठा माणूस भेटला नव्हता.

पाठीच्या मणक्यात सुई दिली. कमरेखालचं सगळं कोणा दुसऱ्याचं झालं, पण मी जागी होते. छातीपाशी एक चादर आडवी टांगलेली. तिच्या वरून मला मोठ्या डॉक्टरांची टोपी आणि छातीशी दुमडून धरलेले हात दिसायचे. बाकी सगळं ऐकायचं. दोघंही तेलुगूत बोलत होते, पेशंटला कळू नये म्हणून. त्यांना काय माहीत की मामाच्या शेजारी तेलुगू बोलणारं घर आहे आणि त्यांच्या पोरीबरोबर मी रोज बांगड्यांच्या तुकड्यांनी काचकांगऱ्या खेळत आले.

"येत नाही," मुद्दमवार डॉक्टर म्हणाले. "खिडकीत अडकते."

"ओढू नका. खिडकी मोठी करा. बोट घाला. लागतं का हाड?"

"लागतं."

"दुसऱ्या बाजूचं?"

"लागतं."

"मग बोटाला जागा आहे तर तिलाही आहे."

मी डोळे मिटून आपल्याच पायात कोणाचं तरी बोट आहे असं मनात आणून बघितलं. भीती वाटायला हवी होती. मला आपलं वाटत होतं की ही चादर जरा खाली घ्यायला हवी.

"डॉक्टर, आता हातात कोणती शीर आहे?" मी विचारलं.

मोठ्या डॉक्टरांनी चादरीवरून वाकून माझ्याकडं बघितलं. मग मुद्दमवार डॉक्टर म्हणाले, "तुझीच."

शिवताना त्यांनी विचारलं की पंजा किती वर धरू. मोठे डॉक्टर म्हणाले, थोडा आणखी, थोडा आणखी, आता बस. त्यांचे हात शेवटपर्यंत छातीशीच होते. ते एकदाही खाली गेले नाहीत, हे मी नीट बघितलंय. माझा पाय शिवला तो फक्त मुद्दमवार डॉक्टरांनी.

मग प्लास्टर. गुडघ्यापर्यंत पांढरा दगड. मोठे डॉक्टर आगगाडीत बसून गेले, हरकरे नागपूरला आणि तिसरे डॉक्टर आपल्या गावी गेले, आणि ओसरीवरच्या फळ्या गुणाबाईंनी घासून ठेवून दिल्या. मी खाटेवर पडून नववीची सगळी पुस्तकं संपवली. आई एक आठवडा राहून गावी जायची, पुन्हा यायची.

त्याच दिवसांत लालसू दवाखान्यात आला. भामरागडकडच्या जंगलातला, वय असेल मामाएवढं. मोहाची फुलं वेचायच्या दिवसांत अस्वलानं त्याच्या गुडघ्याच्या बाजूला पंजा मारला होता. जखम भरली, पण तेव्हापासून त्याचाही पंजा लोंबायचा, माझ्यासारखाच. त्याला मराठी थोडं यायचं, आणि ते बोलायच्या आधी तो प्रत्येक शब्द तपासून घ्यायचा. पहिल्या दिवशी त्यानं पायावर हात ठेवून डॉक्टरांना आपल्या गोंडी बोलीत पायाचा शब्द सांगितला, "काल." मुद्दमवार डॉक्टर चमकले, कारण तेलुगूतही पायाला कालूच म्हणतात. मला तर हे इतकं आवडलं की मी दिवसभर सगळ्यांना सांगत हिंडले असते, पण हिंडता येत नव्हतं.

त्याचं ऑपरेशन मुद्दमवार डॉक्टर एकटे करणार होते. शेजारी कोणी उभं नसताना पहिलंच. त्याआधी फक्त माझं प्लास्टर निघायचं होतं.

प्लास्टर निघालं. आत पाय कसला, सालपट निघालेली ओली काडी. पण पंजा लोंबत नव्हता. काटकोनात उभा होता, चांगल्या माणसाच्या पायासारखा. आईनं त्याला हात लावून बघितलं आणि देवाच्या पाया पडल्यासारखा तोच हात कपाळाला टेकवला.

"आता वर कर," मुद्दमवार डॉक्टर म्हणाले.

मी वर केला. म्हणजे मनात केला. पाय तिथंच.

"कर."

"करून राह्यली ना."

अंगठा जरासा वाकला, तेवढंच. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. मग सगळा दवाखाना माझा मास्तर झाला. गुणाबाई म्हणायच्या, "उचल वं, उचल, कुकूच कू." मामा म्हणायचे, "जोर लाव." शेजारच्या खाटेवरची म्हातारी म्हणायची, "देवाचं नाव घे नं उचल." मी दात ओठ खाऊन जोर लावायचे आणि माझ्या मानेच्या शिरा उभ्या राहायच्या, कान हलायचे, फक्त पाय हलायचा नाही. 'पाय आत वळव' असंही डॉक्टरांनी सांगून बघितलं, मोठ्या डॉक्टरांनी तसंच सांगायला शिकवलं होतं. मी आत वळवायला बघायचे आणि माझं मलाच कळायचं नाही की आत म्हणजे नेमकं कुठून वळवायचं. हाक मारायला तोंड उघडावं आणि नावच आठवू नये, तसं.

डॉक्टरांचा चेहरा रोज थोडा उतरत होता. ते माझ्या पावलावरची वळ आलेली शिवण बोटानं चाचपायचे, खिडकीच्या जागी दाबायचे. "कुठीतरी अडकली असन," एकदा स्वतःशीच म्हणाले. "हाडाशी चिकटली असन."

आणि एका दुपारी मी त्यांना लालसूशी बोलताना ऐकलं. "तू नागपूरले जा. मी चिठ्ठी देतो. तिथी हरकरे डाक्टर करन."

लालसूनं खाटेखालचं गाठोडं ओढलं. मग म्हणाला, "नागपूर नाई. घरी."

"घरी जाऊन काय करशील? असाच राह्यशील?"

"असाच."

एवढं बोलून तो आपलं गाठोडं बांधायला लागला. मला कळलं की आता हे सगळं माझ्या पंजावर येऊन बसलंय. तो हलला तर लालसूचा पाय होईल, नाहीतर तो उद्या सकाळी लोंबता पंजा घेऊन जंगलात जाईल आणि मुद्दमवार डॉक्टर पुन्हा घोट्याच्या खाली हात लावायचे नाहीत. मी त्यांना हाक मारली.

"डॉक्टर, शीर अडकली हे नक्की माहीत आहे, का वाटून राह्यलं?"

ते वळले. "वाटून राह्यलं," ते म्हणाले. "माहीत नाई."

"मग आपण पाहू ना, काय माहीत आहे ते."

ते माझ्या खाटेपाशी येऊन बसले. म्हणाले, "तू आधी सराव कसा करत होती? कर बरं डाव्या पायानं. डावा तं चांगला आहे. शीर धरून पाह्यतो."

मी मांडी घातली, मांडीवर भूगोलाचं पुस्तक घेतलं, म्हणजे जसं होतं तसं सगळं. डावा तळवा छताकडं. "असं. आत."

डॉक्टरांनी माझ्या डाव्या घोट्याच्या आत, हाडाच्या मागं, बोट ठेवलं. "कर."

"केला ना. हा पाहा आत."

"शीर कुठी आहे?" ते हळूच म्हणाले. त्यांनी बोट वर नेलं, खाली नेलं. "इथी काहीच नाई. झोपली आहे." मग त्यांनी माझे दोन्ही पाय खाटेवरून खाली सोडायला लावले. "आता आत वळव." मी वळवला, आणि त्यांच्या बोटाखाली दोरी ताणावी तशी शीर टणकन उभी राहिली. मला स्वतःलाही जाणवली ती.

डॉक्टरांनी बूट काढले, मोजे काढले, फरशीवर मांडी घालून बसले आणि आपल्याच घोट्याला बोट लावलं. आई, मामा, गुणाबाई, म्हातारी, सगळे बघत होते की डॉक्टरला काय झालं.

"मऊ," ते म्हणाले. "मांडीत पाय आपोआप आत वळते. वजनानंच वळते. स्नायूले काही करावंच लागत नाई."

मोठ्या डॉक्टरांनी मला टेबलाच्या काठावर बसवून दाखवलं होतं. पण 'बसून करायचं' म्हटल्यावर मला बसणं म्हणजे मांडीच. चांद्यात कोणाच्या घरी टेबल आहे? आणि मुद्दमवार डॉक्टर रोज बघून मान डोलवत होते, कारण त्यांचं जेवण, वाचन, बकऱ्याचा पाय शिवणं, सगळं आयुष्य मांडीवर. तळवा आत दिसला की आत. बोट लावून बघावं असं त्यांना वाटलं नाही आणि मला तर ते सुचणारच नव्हतं. इतका सराव केला मी, आणि तो स्नायू सगळा वेळ आरामात झोपलेला.

"म्हणजे अडकली नसन," मी म्हणाले. "तिले बोलावणंच मले येत नाई."

डॉक्टरांचा उतरलेला चेहरा जरा उजळला. "मंग असं काम शोधू," ते म्हणाले, "जे करताना ही शीर न बोलावता उभी राह्यते. डाव्या पायावर पाहू."

मग आमची खरी शाळा भरली. मी डाव्या पायानं फडकं उचललं, शीर जराशी हलली. पाय जमिनीवर आपटला, काही नाही. मामांनी चवड्यावर उभं राहून दाखवलं, त्यांच्या घोट्याला डॉक्टरांचं बोट. शीर चांगली ताणली, पण माझ्या कच्च्या पायावर एवढं वजन द्यायचं नव्हतं. गुणाबाईंनी फुगडीचा पाय घालून बघितला आणि म्हणाल्या, "माझी शीर पाहाले पैसे पडन." लालसू गाठोडं बांधायचं थांबवून बघत होता.

"लालसूभाऊ," मी विचारलं, "तुम्ही मध काढाले झाडावर चढता, तवा पाय कसे धरता?"

हा प्रश्न मी झाडाबद्दल विचारला होता. म्हणजे मला खरंच ते माहीत करून घ्यायचं होतं. लालसूनं थोडा विचार केला, मग खाटेवर बसूनच दोन्ही गुडघे फाकवले आणि दोन तळवे समोरासमोर आणून मधली हवा घट्ट दाबून धरली, जणू मध्ये खोड आहे. चांगला पाय दाबला गेला, लोंबता तसाच राहिला.

डॉक्टर उठून त्याच्याकडं गेले आणि त्याच्या चांगल्या घोट्याला बोट लावलं. "पुन्हा धर," ते म्हणाले. मग माझ्याकडं बघितलं. "धुरपता, शीर उभी आहे. दोरीसारखी."

गुणाबाई स्वयंपाकघरात ठेवलेलं आपलं मुसळ घेऊन आल्या. मी खाटेवर पाय लांब करून बसले. मुसळ आडवं माझ्या दोन तळव्यांच्या मधोमध. डॉक्टर म्हणाले, "पायाचा विचार करू नको. मुसळ सोडू नको, बस. गुणाबाई, तुम्ही ओढा."

गुणाबाईंनी ओढलं. मी धरलं. त्यांनी जोरानं ओढलं. "सोड वं, माझ्या घरचं आहे ते."

"नाई सोडत."

"कोंबडीच्या पायात काय जोर."

मला खरंच राग आला. मी दोन्ही तळव्यांनी मुसळ दाबलं, डावा पाय आत आला आणि उजवा आत यायच्या ऐवजी वर उडाला. मुसळ धरायला एकच पाय उरला, ते सटकलं आणि गुणाबाई मुसळ घेऊन मागच्या खाटेवर बसल्या.

कोणीच हसलं नाही. सगळे माझ्या पायाकडं बघत होते.

"पुन्हा," डॉक्टर म्हणाले. आवाज अगदी बारीक.

पुन्हा मुसळ. मी दाबायला गेले, आणि पंजा वर. फार नाही, दोन बोटं. पावलावर कातडीखाली एक जाड दोरी उभी राहिली, जिथं मला आठवतंय तेव्हापासून कधी दोरी दिसली नव्हती. मी ती बघितली आणि बघितल्याबरोबर ती गेली. मुसळाशिवाय केलं, नाही आली. मुसळ घेतलं, आली. मग मुसळ गुणाबाईंनी हातातच धरलं आणि मी ते तिथं आहे असं समजून दाबलं, तेव्हाही आली. स्नायू आपलं जुनंच काम करत होता, झाडाला धरत होता. त्याला काहीच कळलं नव्हतं. कळायचं होतं ते मला.

आई माझ्या पायापाशी आली. तिनं डॉक्टरांकडं बघितलं आणि म्हणाली, "तुमचं घर गाठाची पाळी नाई आली, डाक्टर साहेब."

डॉक्टर खाली बघून हसले. त्यांनी मला पंजा इतक्यांदा वर करायला लावला की शेवटी तो थकला आणि नुसता थरथरायला लागला. मग ते म्हणाले, "आज बस. उद्या पुन्हा. अजून चालताना नाई येणार, ते लय दिवस घेईन. आणि सराव मी रोज बोट लावून पाह्यन."

लालसू उठून माझ्या खाटेपाशी आला होता. त्यानं खुणेनं विचारलं, हात लावू का. मी हो म्हणाले. त्यानं एक बोट माझ्या पावलावर ठेवलं आणि मी, थकलेल्या पायानं, मनातल्या मनात मुसळ दाबलं. दोरी त्याच्या बोटाखाली आली आणि गेली. त्यानं बोट तसंच ठेवलं. मी पुन्हा केलं.

"दुखते?" त्यानं मला विचारलं.

"कापलं तवा काही कळलं नाई. नंतर दुखलं. आता खाजते."

त्यानं ते नीट ऐकून घेतलं. मुद्दमवार डॉक्टर त्याच्या गाठोड्याकडं बघत होते. "लालसू," ते म्हणाले, "चिठ्ठी लिहू का नागपूरची?"

लालसूनं आपल्या लोंबत्या पंजाकडं बघितलं, मग माझ्याकडं, मग खाटेच्या काठावर पाय खाली सोडून बसला, मांडी न घालता.

"पयले," तो गुणाबाईंकडं हात करून म्हणाला, "ते मुसळ दे."